हॅरिएट बाकर : घरातल्या खोल्यांकडून चर्चच्या गाभ्याकडे

प्रश्न

नॉर्वेच्या चित्रकर्त्री हॅरिएट बाकर (१८४५–१९३२) यांचे जे सिंहावलोकनी प्रदर्शन ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०२३ मध्ये सुरू झाले आणि पुढे स्टॉकहोम, पॅरिस व बेर्गेन येथे गेले, ते मी पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात पाहिले. दिव्याशी बसलेली स्त्री, पियानो वाजवणारी स्त्री, खिडकीजवळचे शिवणकाम ही चित्रे मला फार जवळची वाटली. त्यानंतर चर्चच्या अंतर्भागांची चित्रे आली आणि आपण दुसऱ्याच कुणाच्या प्रदर्शनात आलो की काय, असे वाटू लागले. या वळणामागे धर्मश्रद्धा होती, की चित्रकलेच्या अंगानेच त्या तिथवर पोहोचल्या? त्यांच्या पिढीतील कितीतरी चित्रकार उघड्यावर जाऊन निसर्ग रंगवत असताना बाकर चार भिंतींच्या आत का राहिल्या, हेही जाणून घ्यायला आवडेल.

प्रतिसाद १

माझ्या मते वळण असे काही नाहीच. बंद जागेत शिरलेला प्रकाश तिथल्या वस्तूंचे काय करतो, हा एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर लावून धरला; खोली तेवढी मोठी होत गेली. म्युनिकमध्ये शिकताना त्यांनी त्या काळच्या तपकिरी, गडद छटांची शिस्त आत्मसात केली होती. १८७८ मध्ये त्या पॅरिसला गेल्या आणि तिथे सुमारे दहा वर्षे राहिल्या. ‘निळी खोली’ हे १८८३ चे चित्र पाहिले की या दोन शहरांमधले अंतर कळते. चित्रातील सावल्यांत काळेपणा जवळजवळ नाही. निळ्या रंगावर खिडकीचा उजेड पडतो, तो लाकडाच्या तांबूस पृष्ठभागावर जाऊन वेगळा होतो आणि कोपऱ्यातल्या अंधारातही रंग शिल्लक राहतो. या चित्रासाठी बसलेल्या आस्ता नॉरेगोर स्वतः चित्रकर्त्री होत्या.

आता १८९२ चे ‘तानुम चर्चमधील बारसे’ आठवा. आपण चर्चच्या आत, सावलीत आहोत; समोरचे दार उघडे आहे, बाहेर हिरवा झगझगीत दिवस आहे आणि बाळाला घेऊन आलेली मंडळी त्या उजेडातून आत येत आहेत. पूर्वी खिडकी जे काम करत होती, तेच इथे दार करते. बाहेरचा निसर्ग त्यांनी नाकारलेला नाही, त्याला आत येताना गाठले आहे. शिवाय अशी चित्रे बाकर चर्चमध्ये प्रत्यक्ष बसून रंगवत असत. उघड्यावर काम करणाऱ्या चित्रकारांची निष्ठा त्यांनी छपराखाली आणली, असे मी म्हणेन.

प्रतिसाद २

प्रकाशाचा मुद्दा मान्य आहे, पण तेवढ्यावर थांबलो तर चित्रांतली माणसे केवळ रंगाचे निमित्त ठरतात, आणि ते मला पटत नाही. बाकर यांच्या धाकट्या भगिनी आगाथे बाकर ग्रोन्डाल नामवंत पियानोवादक व संगीतकार होत्या; तरुणपणी हॅरिएट त्यांच्यासोबत युरोपात हिंडल्या. संगीत त्यांच्या चित्रांत वारंवार येते, ते या घरोब्यातून. वाजवणारी, शिवणारी, वाचणारी अशी प्रत्येक स्त्री हातातल्या कामात गढलेली असते. ती आपल्याकडे पाहत नाही आणि चित्रकर्त्रीही तिला पाहायला भाग पाडत नाही. १८९२ मधल्याच दुसऱ्या एका चित्रात प्रसूतीनंतर प्रथमच चर्चमध्ये येणाऱ्या स्त्रिया आहेत. म्हणजे चर्चमध्ये जाऊनही त्यांनी पाद्र्याच्या प्रवचनापेक्षा स्त्रियांच्या आयुष्यातील क्षण निवडले. धर्मश्रद्धेविषयी तर्क करण्यापेक्षा हे निरीक्षण मला अधिक भरवशाचे वाटते.

ज्या काळात पॅरिसच्या शासकीय कलाशाळेत स्त्रियांना प्रवेश नव्हता (तो १८९७ मध्ये मिळाला), त्या काळात बाकर खासगी स्टुडिओत शिकल्या. निसर्गचित्रकार किट्टी किलँड यांच्यासारख्या मैत्रिणींची सोबत त्यांना होती. किलँड बाहेर माळरानावर गेल्या, बाकर आत राहिल्या. तेव्हा ही निवड होती, नाइलाज नव्हे.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही मतांना जोडणारी गोष्ट म्हणजे त्यांचा संथपणा. एवढ्या दीर्घ आयुष्यात त्यांची चित्रे सुमारे १८० च भरतात. उव्दालच्या लाकडी चर्चचे १९०९ चे चित्र पाहताना ही सावकाशी जाणवते : भिंतींवरची जुनी रंगीत नक्षी, तिच्यावर तिरपा येणारा उजेड आणि या दोहोंना बांधणारे तुटक, सुटे फटकारे. जवळून पाहिले तर नक्षी विरघळते. चार पावले मागे गेल्यावर ती पुन्हा उभी राहते. अशा चित्रापुढे घाई करून चालत नाही, आणि छायाचित्रावरून त्याचा पोत तर कळतच नाही.

प्रश्नकर्त्यांना दिव्याचे चित्र आवडले असेल, तर ‘दिव्याच्या उजेडात’ (१८९०) पाहताना भिंतीवरच्या मोठ्या सावलीकडे लक्ष द्यावे. ते चित्र आणि उव्दालचे चर्च बेर्गेनच्या कोडे संग्रहालयात आहेत. ‘निळी खोली’ आणि तानुमचे बारसे ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.