आठ फुटी काप सरळ येईना: दोन रेल जोडल्यावर मधोमध फट

रंधा_आणि_भुसा (राजेंद्रनगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. 19 मिमी प्लायमधून साडेसात फुटी कपाटाच्या बाजू काढतोय. ट्रॅक सॉ (रेलवरून सरकणारी गोल करवत) 165 मिमी पात्याचा, प्लंज प्रकारातला, म्हणजे पातं वरून दाबून लाकडात उतरवायचं. 1400 मिमीच्या दोन रेल जोडपट्ट्यांनी जोडून 2800 केल्यात. चार फुटी आडवे काप एकाच रेलवर बिनचूक येतात. उभ्या आठ फुटी कापात मात्र तीन भानगडी आहेत.

एक, कापलेल्या दोन बाजू कडेला कड लावून आडव्या ठेवल्या की टोकं टेकतात आणि मधे जवळजवळ 2 मिमी फट राहते. दोन, शेवटच्या दोन फुटांत कड करपते, तीही रेलकडची, म्हणजे कामाची. तीन, 48 दात्यांचं नवं पातं लावल्यापासून रेलच्या कापाकडच्या कडेला चिकटवलेल्या रबरी पट्टीच्या कडेने सनमायकाचे बारीक टवके उडतात. जुन्या पात्याला हे होत नव्हतं.

सियागंजात एक दुकानदार म्हणाला की जोडलेली रेल सरळ राहतच नाही, 3 मीटरची अखंड घ्या. तेवढा खर्च करायचा आणि ती लांबलचक रेल जिन्यातून तिसऱ्या मजल्यावर चढवायची, दोन्ही अवघड आहे. आधी काय तपासू?

पाव_सूत (सुदामानगर, इंदूर)

अखंड रेल सध्या राहू द्या. एका रेलवरचे काप सरळ येतायत म्हणजे दोन्ही रेल ठीक असाव्यात, दोष सांध्यात आहे. खात्री करायची तर फट नीट न्याहाळा. मधल्या एका बिंदूपासून दोन्हीकडे सरळ रेषेत कमी होत गेली असेल तर सांधा मोडलाय. धनुष्यासारखी गोलाई असेल तर कारण वेगळं.

दोन तुकडे कडेला कड लावले की चूक दुप्पट दिसते. तुमच्या 2 मिमीचा अर्थ प्रत्येक कापात 1 मिमी. एवढ्यासाठी सांध्यात किती वाकडेपणा लागतो बघा. रेलची रुंदी साधारण 190 मिमी. दोन रेलची टोकं एका बाजूला टेकली आणि दुसऱ्या बाजूला 0.3 मिमी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट राहिली, की 2440 मिमीच्या मधोमध जवळपास 1 मिमी फरक पडतो. तुमची फट मधे आहे, टोकांना नाही. त्यावरून सांधा रेलच्या मागच्या अंगाला, रबरी पट्टीच्या विरुद्ध बाजूला, उघडलेला असणार.

बहुतेक जण इथेच फसतात. टोकं एकमेकांवर घट्ट दाबली की रेल आपोआप सरळ होईल असं वाटतं. पण टोकाचा काप अचूक काटकोनात असेलच याची हमी नाही, आणि मग ते टोकच रेलला वळवतं. म्हणून टोकं टेकवायचीच नाहीत, मधे 1 मिमीच्या आसपास फट सोडायची. सॉ त्यावरून सहज जातो.

जोडायची रीत अशी. दोन्ही रेल सपाट जागेवर, प्लायच्या शीटवरच ठेवा. जोडपट्ट्या अर्ध्या-अर्ध्या सरकवा, स्क्रू सैल. आता सरळ धार हवी: 6 फुटी स्पिरिट लेव्हल किंवा प्लास्टरवाले वापरतात ती ॲल्युमिनियमची चौकोनी पट्टी. ती सांध्याच्या दोन्हीकडे सारखी येईल अशी, सॉ ज्या उंचवट्यावर धावतो त्या उंचवट्याला भिडवा आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा. रेलच्या बाहेरच्या कडेला भिडवू नका, रबरी पट्टीला तर नाहीच. सॉ उंचवट्याच्या आधाराने चालतो, तेव्हा सरळ तोच हवा. मग स्क्रू थोडा-थोडा, आलटून पालटून आवळा. एक स्क्रू एकदम आवळला की सांधा वर उचलला जातो आणि सॉ तिथे टक् करून अडखळतो.

नंतरची परीक्षा चुकवू नका. शीटवर रेलच्या रबरी पट्टीच्या कडेने टोकदार पेन्सिलने पूर्ण लांबीची रेघ मारा. रेल जमिनीलगतच अर्धा फेरा फिरवा, पट्टी आता रेघेच्या दुसऱ्या बाजूने आली पाहिजे. दोन्ही टोकं त्याच रेघेवर आणून पुन्हा रेघ मारा. मधे जेवढं अंतर दिसेल त्याच्या निम्मी चूक. अर्धा मिमी अंतर म्हणजे पाव मिमी चूक, कपाटाच्या कामाला ती चालते. ॲल्युमिनियमची पट्टीसुद्धा याच रीतीने आधी तपासून घ्या, दुकानातून सरळ आलेली असतेच असं नाही.

गुण्या_आणि_ओळंबा (लष्कर, ग्वाल्हेर)

पाव_सूत यांनी सांध्याचं सगळं सांगितलंच आहे. मी करपण्याबद्दल लिहितो.

कड पूर्ण लांबीत करपली असती तर पातं बोथट आहे, दात्यांना चिकटा बसलाय किंवा सॉ फार हळू ढकलला जातोय असं म्हटलं असतं. फक्त शेवटच्या दोन फुटांत आणि फक्त रेलकडच्या बाजूला करपते, तेव्हा पात्याचा मागचा भाग तिथे रेलच्या दिशेने वळतोय. त्याला दोन गोष्टी एकत्र लागतात: सॉ आणि उंचवटा यांच्यात ढिलेपणा, आणि सॉला आडवं ओढणारं काहीतरी. ओढणारं बहुतेक वेळा धूळ-नळी किंवा वायर असते. काप संपत आला की ती रेलच्या सुरुवातीच्या टोकाला किंवा शीटच्या कोपऱ्याला अडकते. नळी आणि वायर एकत्र बांधून छताच्या हुकावरून खाली सोडा, नाहीतर खांद्यावरून घ्या.

ढिलेपणा काढायला सॉच्या तळपाटात पुढे-मागे दोन बटणं असतात. प्लग काढून सॉ रेलवर ठेवा, हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. हलणं थांबेल आणि तरी सॉ सहज सरकेल इतपतच बटणं फिरवा. फार आवळलीत तर दोन रेलच्या उंचवट्यातला सूक्ष्म फरकसुद्धा सांध्यावर अडखळवतो. रेलवरच्या सरकपट्ट्या कोरड्या वाटल्या तर मेणबत्ती घासा आणि कापडाने पुसा. सिलिकॉन स्प्रे मारू नका. तो हाताला लागून लाकडावर जातो आणि मेलामाइन किंवा पीयू पॉलिश मारलं की तिथे गोल खड्डे पडतात. त्यावर कितीही हात मारले तरी ते जात नाहीत.

शीटला आधार कसा दिलाय? 19 मिमीचं आठ-बाय-चार प्लाय 30-35 किलोचं असतं. दोन घोड्यांवर ठेवून कापलं तर सुटणारा तुकडा शेवटी लोंबतो, फट मिटते आणि पातं चिमटतं. जमिनीवर चार आडव्या बत्त्या टाका, दोन टोकांजवळ, दोन मधे, आणि प्रत्येक बत्ती कापाच्या दोन्ही बाजूंना पोचलेली असू द्या. पातं त्या बत्त्यांत 4-5 मिमी शिरेल, शिरू द्या. म्हणूनच तिथे खिळे असलेलं जुनं लाकूड नको. टणक निळा-गुलाबी फोम बोर्ड मिळाला तर उत्तमच. पांढऱ्या थर्माकोलचे दाणे घरभर होतात आणि रेलखाली जाऊन बसतात.

पात्याची खोली प्लायच्या जाडीपेक्षा 4-5 मिमी जास्त, बस. बऱ्याच सॉवर खोलीची पट्टी रेल धरून आणि रेलशिवाय अशी वेगवेगळी वाचावी लागते, रेलची जाडीच 5 मिमीच्या घरात असते. गडबड झाली तर एकतर काप अपुरा राहतो, नाहीतर पातं नको तितकं खाली जातं. पुढे सागवानाची फळी कापाल तेव्हा आणखी एक: लाकडातला ताण सुटून फट मिटते. सॉला रायव्हिंग नाइफ (पात्यामागची, फट मिटू न देणारी पातळ पट्टी) नसेल तर फूटभर पुढे गेल्यावर सॉ बंद करा आणि मागच्या फटीत लाकडी पाचर सारून पुढे चला. पातं अडकलं तर सॉ उलटा फेकला जातो, म्हणून त्याच्या थेट मागे उभं राहायचं नाही.

रंधा_आणि_भुसा (राजेंद्रनगर, इंदूर)

दोघांचे आभार. टोकं घट्ट टेकवूनच जोडली होती. उंचवट्याला लेव्हल भिडवून, फट सोडून पुन्हा जोडली. रेघेच्या परीक्षेत आता मधे अर्धा मिमीही दिसत नाही. सॉ रेलवर हलतही होता, बटणं जुळवली. टवक्यांचं कोडं मात्र तसंच आहे. पट्टीची कड आणि प्रत्यक्ष काप यांत कागद जाईल इतकी फट दिसते.

सनमायका_स्पेशल (दांडिया बाजार, वडोदरा)

ते कोडं पात्याच्या जाडीत आहे, पण लोक समजतात तसं नाही. रेलकडची कड कुठे पडेल हे पात्याच्या एकूण जाडीवर ठरत नाही. दाता पात्याच्या चकतीच्या बाहेर किती आलाय यावर ठरतं, कारण चकतीची मोटरकडची बाजू सॉच्या फ्लँजवर (पातं ज्या गोल बैठकीवर बसतं तिच्यावर) टेकते आणि तिची जागा पक्की असते. दात्याची रुंदी 2.6 आणि चकती 1.6 असेल तर दाता एका बाजूला 0.5 मिमी बाहेर. 2.2 आणि 1.6 असेल तर 0.3. जुन्या पात्याने पट्टी 0.5 ला कापून ठेवली, नवं 0.3 वर चालतंय, म्हणून 0.2 मिमीची फट. तेवढ्यात सनमायकाचा आधार गेला. पात्याचे दाते वर येताना वरच्या पृष्ठाचा टवका उचलतात, आणि तिथे पट्टीचा दाब नसेल तर तो उडणारच. पातं घेताना त्यावर छापलेले हे दोन आकडे बघून घ्यावेत. ते जुळले तर पट्टी पुन्हा कापावी लागत नाही.

आता उपाय. क्रम महत्त्वाचा आहे. आधी तळपाटाची बटणं जुळवा, ती तुम्ही जुळवलीच आहेत. मग पट्टी सोलून 2 मिमी बाहेर सरकवून पुन्हा चिकटवा. जुना गोंद धरत नसेल तर नवी पट्टी घ्या. खालचा गोंद थिनरने पुसून कोरडा होऊ द्या. चिकटवताना पट्टी ताणायची नाही, नुसती ठेवत जायची. ताणलेली पट्टी काही आठवड्यांत आक्रसते आणि टोकाला इंचभर रेल उघडी पडते. मग रेल टाकाऊ प्लायवर क्लॅम्प करा, खोली 6-7 मिमी ठेवा, वेग पूर्ण, आणि न थांबता एका चालीत पट्टी छाटा. मधे थांबलात तर तिथे खाच पडते.

दोन्ही रेल जोडलेल्या असतानाच छाटा, म्हणजे सांध्यावर पट्टीची कड एका रेषेत येते. इंदूरच्या मे महिन्यात रेल गच्चीवर उन्हात ठेवू नका, गोंद मऊ होऊन पट्टी सरकते. उभी ठेवायची तर पट्टीची बाजू वर.

एवढं करूनही पट्टी फक्त रेलकडची बाजू सांभाळते. सुटणाऱ्या तुकड्याचीही कड हवी असेल तर आधी 2-3 मिमी खोलीचा एक हलका काप मारा, मग त्याच जागी पूर्ण खोलीचा. बऱ्याच सॉवर या पहिल्या कापासाठी वेगळा खटका असतो. दोन्ही काप होईपर्यंत रेल जागची हलता कामा नये. रेलखालच्या पकडपट्ट्यांवर भुसा बसला की ती घसरते, म्हणून ठेवण्याआधी ओल्या फडक्याने पुसा आणि सनमायकावर दोन क्लॅम्प लावाच. नुसत्या प्लायवर एरवी गरज पडत नाही. 48 दाते सनमायकाला पुरेसे आहेत. पातं निवडायचंच तर एक सपाट, एक कोपरे छाटलेला अशा आळीपाळीच्या दात्यांचं घ्या, टवके कमी उडतात.

कटर_भाऊ (इंदूर)

एवढा खटाटोप कशाला? आपले मिस्त्री 4 इंची मार्बल कटरला 40 दात्यांचं पातं लावून आख्खं घर करून देतात. 6 मिमी प्लायची आठ फुटी पाटी, त्यावर 12 मिमीची सरळ पट्टी स्क्रूने, कटर पट्टीला टेकवून एकदा चालवला की पाटीची कड हीच कापाची रेघ. तत्त्व तेच, खर्च नगण्य.

गुण्या_आणि_ओळंबा (लष्कर, ग्वाल्हेर)

तत्त्व तेच आहे, आणि ती पाटी मीही कुणालाही सुचवेन, पण गोल करवतीसाठी. कटर_भाऊ, मार्बल कटरला दगडासाठी अर्धाच गार्ड असतो, रायव्हिंग नाइफ नसतो, आणि तो मिनिटाला 12-13 हजार फेऱ्यांनी फिरतो. लाकडाच्या दात्याचं पातं अडकलं की तो हातातून सुटून मांडीकडेच येतो. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा कटरपेक्षा कमी असेल तर दाता उडण्याचीही भीती. साध्या 7 इंची गोल करवतीला तीच पाटी करा. फक्त पाया इतका रुंद ठेवा की करवतीचा पूर्ण तळ त्यावर बसेल, आणि पट्टी 12 मिमीपेक्षा उंच घेऊ नका, नाहीतर पातं पूर्ण खाली नेलं की मोटर पट्टीला लागते.

पाव_सूत (सुदामानगर, इंदूर)

रंधा_आणि_भुसा, बाजू कापण्याआधी काटकोनाचं एक बघा. प्लायची कारखान्यातली कड सरळ असेल, पण चारही कोपरे काटकोनात असतीलच असं नाही. आधी आठ फुटी कड रेलने 5-6 मिमी छाटून घ्या आणि पुढची सगळी मापं त्या कडेवरून धरा. आडव्या कापासाठी गुण्यावर विसंबू नका. एक फुटी गुण्यातली अर्ध्या मिमीची चूक चार फुटांवर 2 मिमी होते. त्या कडेवर 800 मिमीची खूण करा, काटकोनात 600, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 1000 येईपर्यंत रेल सरकवा. टेपचा हुक हलतो, म्हणून टेप 100 च्या खुणेपासून धरा आणि 1100 वाचा.

कपाटाच्या मधल्या अरुंद पट्ट्या रेलपेक्षा कमी रुंदीच्या असतील तर रेल मागे कलते. तिच्या मागच्या बाजूखाली त्याच प्लायचा तुकडा टाका. पाठच्या 6 मिमी प्लायसाठी खोली कमी करायला विसरू नका.