कोरियात राहून आलेल्यांनो (आणि अजून तिथेच असलेल्यांनो), रोजचे अनुभव लिहा

तळमजला: सोसायटीच्या ग्रुपवर आज पुन्हा ओल्या-सुक्या कचऱ्यावरून जुंपलीय, त्यावरून सोल आठवलं. नवऱ्याची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी) होती तिथे. इमारतीखाली खरकट्याचं यंत्र. कार्ड टेकवलं की झाकण उघडणार, ओतलं की वजन दिसणार, आणि ग्रॅमच्या हिशेबाने पैसे मेंटेनन्सच्या बिलात. मी सगळं चाळणीत निथळून न्यायचे, पाण्याचे पैसे कोण भरणार! त्यात अंड्याची टरफलं, हाडं, कांद्याची सालं ओल्यात चालत नाहीत. त्या खरकट्याचं जनावरांचं खाद्य करतात ना. ती सुक्यात, आणि सुक्याच्या पिशव्याही पालिकेच्याच, विकतच्या. २०१३ पासून वजनावर पैसे घेतात म्हणे. आमच्या चेअरमनना पाठवू का तिकडे?

करवंटी: नारळाची करवंटी कशात गं?

तळमजला: सुक्यात. मी मीठ ठेवायला वापरली.

देजॉनकर: ओंदोल! जमीनच तापते. बाहेर उणे दहा, आत इडलीचं पीठ जमिनीवर ठेवलं की सकाळी टम्म. आई आली होती, सोफ्याकडे ढुंकून बघेना. गुडघे सुखावले तिचे.

भेंडीबाजार: आम्ही शाकाहारी. किंबाप (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल) करणाऱ्या मावशींना 'मांस नको' म्हटलं की हॅम काढायच्या, क्रॅबस्टिक (माशाचीच असते ती) तशीच. मासा म्हणजे मांस नाहीच त्यांच्या लेखी. आमच्या कोकणातल्या आत्याचंही हेच मत आहे 😄

बुसानबाबा: बसमधून उतरताना पण कार्ड टेकवा रे. अर्ध्या तासात दुसरी बस पकडली तर पुन्हा पूर्ण भाडं नाही.

मुलांचीआई: नोव्हेंबरात बारावीवाल्यांची सुनुंग, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा असते. इंग्रजी ऐकण्याच्या भागाला विमानांची ये-जा थांबवतात! लेकीच्या दहावीला खिडकीखाली डीजे होता, कोणाला सांगायचं.

करवंटी: 😂😂 कोणता पेपर?

मुलांचीआई: बीजगणित. गणितात ८४ आले तरी.

करवंटी: अगं छानच की! मीठ आठवलं म्हणून विचारते, किमचीची (त्यांच्या आंबवलेल्या कोबीची) मिरची पूड पुण्यात कुठे मिळते? तळेगाव-रांजणगावच्या कंपन्यांमुळे कोरियन बरेच आहेत म्हणतात.

देजॉनकर: ब्याडगी घे, बिया काढून जाडसर वाट. रंग येतो, तिखट बेताचं.

भेंडीबाजार: आणि फिश सॉसऐवजी?

देजॉनकर: सोया सॉस. मीठ जपून.

तळमजला: लिहा अजून. कुकर लावलाय, रात्री वाचते.