माझ्या क्रोममध्ये झकास, मालकांच्या आयफोनवर कोरं पान. ब्राउझर टेस्टिंग करायचं तरी कसं?

विश्रामबाग_वेबवाला

राम राम मंडळी. आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाची साईट करून दिलीय. साधीच आहे, रोजचे हळद आणि बेदाण्याचे दर, आवक किती पोती झाली, आणि शेतकऱ्यानं मोबाईल नंबर टाकला की त्याच्या पट्टीची (विकलेल्या मालाच्या हिशोबाची) रक्कम दिसते, बास. माझ्या लॅपटॉपवर क्रोममध्ये एकदम टकाटक, डेव्हटूल्समध्ये (क्रोममधली डेव्हलपरची तपासायची हत्यारं) आयफोन सिलेक्ट करून मोबाईल व्ह्यूपण बघितला, कायच प्रॉब्लेम नाय.

आता लोचा असा की मालकांकडं आयफोन ७ आहे, त्यात दुकानाचं नाव दिसतं आणि खाली सगळं पांढरं. दर नाय, आवक नाय, मेनूचं बटण दाबलं तर तेबी उघडत नाय. मला वाटलं सफारीची खोड असेल म्हणून त्यांना क्रोम टाकून दिलं, तर त्यातपण तेच. दुसरं लफडं दिवाणजींच्या काउंटरवरच्या पीसीवर, विंडोज ७ आहे, क्रोम आहे, तिथं दर व्यवस्थित दिसतात पण 'पट्टी बघा' हे बटणच गायब, आणि गंमत म्हणजे अंदाजानं त्या जागी क्लिक केलं की चालतंय! दिवाणजी म्हणतात भुताटकी आहे.

मॅक घ्यायची ऐपत नाय, आयफोन घरात कुणाकडं नाय. सौदे जोरात चालू आहेत, मालक रोज फोन करतात. काय करू सांगा.

भडंग_प्रेमी

सोप्पं आहे की लगा, विंडोजसाठी सफारी गुगलवर मिळते, डाउनलोड कर आणि त्यात चेक कर. आणि दिवाणजींना सांग क्रोम अपडेट मारा.

मिरज_जंक्शन

भडंगभाऊ, नको त्याला खड्ड्यात घालू. विंडोजची सफारी अ‍ॅपलनं २०१२ मध्येच सोडून दिली, शेवटची ५.१.७. तिच्यात आजची कुठलीच साईट धड दिसणार नाय, मग हा बिचारा नसलेले बग शोधत बसंल.

वेबवाल्या, आयफोनवर क्रोम टाकून फरक का पडला नाय ते आधी सांगतो, कारण इथं भलेभले फसतात. आयफोनवर क्रोम काय, फायरफॉक्स काय, एज काय, आतलं इंजिन (पान काढून दाखवणारा मूळ भाग) सगळ्यांना अ‍ॅपलचं वेबकिटच वापरावं लागतं, तसा अ‍ॅपलचा नियमच आहे. युरोपात मार्च २०२४ पासून, आयओएस (आयफोनची सिस्टीम) १७.४ आल्यावर, त्यात सूट मिळाली, आपल्याकडं नाय. आणि हे वेबकिट येतं फोनच्या आयओएसबरोबर, ते अ‍ॅप स्टोअरवरून वेगळं अपडेट होत नाय. आयफोन ७ आयओएस १५ वरच थांबला, पुढचं त्याला मिळतच नाय. म्हणजे मालकांनी कुठलाही ब्राउझर टाकला तरी खाली जुनीच सफारी पळतीय.

तसंच डेव्हटूल्समधला आयफोन म्हणजे नुसता स्क्रीनचा साइज आणि नाव बदललेलं तुझंच क्रोम. लेआउट बघायला बरा, पण वेबकिटचा बग त्यात कधीच दिसणार नाय.

आता मुद्दा. मेनूपण उघडत नाय म्हणतोस म्हणजे एखादं फंक्शन नाय, तुझी आख्खी जावास्क्रिप्टची फाईलच बसलीय. असं बहुतेक सिंटॅक्स एररला होतं, ब्राउझर फाईल आधी पूर्ण वाचतो, त्यात एक जरी न कळणारी गोष्ट सापडली की सगळी फाईल बाजूला टाकतो. मॅकशिवाय बघायची युक्ती अशी: पेजच्या अगदी वर, बाकी सगळ्या स्क्रिप्टच्या आधी, वेगळ्या छोट्या स्क्रिप्ट टॅगमध्ये विंडो डॉट ऑनएरर लिही आणि येणारा मेसेज सरळ पानावर छाप. स्क्रिप्ट दुसऱ्या डोमेनवरून येत असेल तर नुसतंच 'स्क्रिप्ट एरर' येईल, म्हणून फाईल स्वतःच्याच सर्व्हरवर ठेव. मग दुकानात जाऊन मालकांच्या फोनवर उघड आणि स्क्रीनशॉट मार. आणि एक सांग, रकमेत लाखाचे स्वल्पविराम टाकायला कुठून कोड कॉपी केलायस का?

विश्रामबाग_वेबवाला

दादा आत्ताच यार्डातून आलो. मेसेज असा आला: 'सिंटॅक्स एरर: इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन: इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम'. आणि हो, १,२५,००० असं दाखवायला एका ठिकाणावरून एका ओळीचा रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधायचा कोड) उचललाय, चालतोय म्हणून ठेवला. पण तुम्हाला कसं कळलं राव??

मिरज_जंक्शन

त्यात जादू कायच नाय, जुन्या आयफोनवर कोरं पान आणि कोडात लाख-हजाराचे स्वल्पविराम ही जोडी बरेचदा एकत्रच सापडते. त्या रेजेक्समध्ये बघ, कंस, प्रश्नचिन्ह, लेसदॅन आणि बरोबरचं चिन्ह असं एकापुढं एक दिसंल. त्याला लुकबिहाइंड म्हणतात, म्हणजे 'मागं अमुक असेल तरच मॅच कर'. क्रोममध्ये ते कैक वर्षांपासून आहे, सफारीत आलं १६.४ मध्ये, मार्च २०२३ ला. जुनी सफारी ते बघून समजते की तू ग्रुपला नाव द्यायला निघालायस आणि नाव चुकलंय, म्हणून तो येडा मेसेज. कुणाला वाटंल पॉलिफिल (जुन्या ब्राउझरला नवीन गोष्टी पुरवणारा कोड) टाकू, पण हा सिंटॅक्सचा मामला आहे, पॉलिफिल चालू व्हायच्या आधीच फाईल मेलेली असते. नवीन जावास्क्रिप्ट जुन्या पद्धतीत बदलणारं बेबलपण हे बदलून देत नाय.

रेजेक्सच काढून टाक. ब्राउझरमध्ये इंटल नंबर फॉरमॅट आयतं आहे, त्याला मराठी-भारत लोकेल (भाषा-देशाची खूण) दिलं की १,२५,००० असे देवनागरी आकडे लाखाच्या स्वल्पविरामासकट येतात, इंग्रजी आकडे पाहिजे असतील तर इंग्रजी-भारत दे. आयओएस १५ मध्ये मस्त चालतं.

टेस्टिंगवाली

दिवाणजींच्या भुताकडे मी येते, कारण असलंच भूत मागे ऑफिसात पकडलं होतं. विंडोज ७ ला क्रोमची शेवटची व्हर्जन १०९, जानेवारी २०२३ ची. त्यामुळे भडंगभाऊ, अपडेट मारायला सांगून उपयोग नाही, येतच नाही ते. वेबवाले, तुम्ही टेलविंड (तयार सीएसएस, म्हणजे पानाच्या रंगरूपाचे नियम) वापरता का आणि त्यातलं चौथं व्हर्जन का? कारण जानेवारी २०२५ ला आलेल्या त्या व्हर्जनला सफारी १६.४, क्रोम १११ आणि फायरफॉक्स १२८ किंवा त्यापुढचंच लागतं, हे त्यांच्या डॉक्समध्ये स्पष्ट लिहिलंय. त्यातले डिफॉल्ट रंग ओकेएलसीएच नावाच्या नव्या पद्धतीने लिहिलेले असतात आणि क्रोमला ते १११ पासून कळतात. १०९ ला तुमचा हिरवा रंग कळला नाही, त्याने तो सोडून दिला, पण अक्षरांचा पांढरा मात्र कळला. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं आणि मागचा रंग गायब, म्हणजे बटण तिथेच आहे, फक्त दिसत नाही. म्हणून क्लिक होतंय.

यावर सरळ उपाय म्हणजे तिसऱ्या व्हर्जनवर, ३.४ वर या, जुन्या ब्राउझरसाठी तेच वापरा असं ते स्वतःच सांगतात. नुसते रंग हेक्समध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीने, लिहून बटण दिसेल, पण बाकीच्या बारीकसारीक गोष्टी १०९ वर आणि त्या आयफोनवर कुठे ना कुठे डोकं वर काढतीलच.

आता टेस्टिंगचं. लोक सांगतील प्लेराइट हे टेस्टिंगचं टूल वापरा, त्यात क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही येतात, विंडोजवरपण चालतात, फुकट आहे, जरूर वापरा. पण लक्षात घ्या, त्यातलं वेबकिट ताजं असतं. तुमचा हा रेजेक्स त्यात आरामात पास झाला असता! लिनक्सवरचा ग्नोम वेब ब्राउझरपण वेबकिटवालाच आहे, त्याचीही तीच गत. 'सफारीत चालतं का' असा प्रश्नच अर्धवट आहे, कुठल्या व्हर्जनच्या सफारीत हे विचारायचं. जुन्यासाठी खरा जुना फोनच पाहिजे, नाहीतर ब्राउझरस्टॅकसारखी सेवा, आपल्या मुंबईतच २०११ ला सुरू झालेली कंपनी आहे, खरे फोन लांबून हाताळायला मिळतात, पण फ्री ट्रायलची मिनिटं मोजकी असतात, तेव्हा काय काय बघायचं ते कागदावर लिहून मगच लॉगिन करा. मी स्वतः काय करते तर गल्लीतल्या मोबाईल रिपेअरवाल्याशी दोस्ती ठेवलीय, त्याच्याकडे आयफोन ६एस पासून सगळं पडलेलं असतं, चहा पाजला की अर्धा तास बसू देतो 😄

भडंग_प्रेमी

ताई अपडेटचं माहीत नव्हतं, थँक्यू. मग पॉलिफिल डॉट आयओची एक लिंक टाकली की सगळं जुनं भागतं असं ऐकलेलं, ते करू का माझ्या साईटवर?

टेस्टिंगवाली

अजिबात नको!! ते डोमेन २०२४ च्या फेब्रुवारीत दुसऱ्याच कंपनीच्या हातात गेलं आणि जूनमध्ये उघड झालं की तिथून साईटवर येणाऱ्या लोकांना भलतीकडे पळवणारा कोड घुसवला जातोय, लाखभर साईट अडकल्या होत्या त्यात. कुठे जुन्या साईटवर ती लिंक असेल तर आजच काढा. एखादं पॉलिफिल लागलंच तर फाईल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची.

तासगावकर_काका

पोरांनो सगळं बरोबर बोलताय, पण मूळ दुखणं वेगळंच आहे. दहा-बारा ओळींचं दरपत्रक दाखवायला जावास्क्रिप्ट लागतंच कशाला? सर्व्हरवरनंच साधं एचटीएमएल टेबल बनवून पाठव की. मग स्क्रिप्ट मेली तरी दर दिसतात, नेट रांगत असलं तरी दिसतात. बेदाण्याचा सौदा चालू असताना यार्डात एकाच वेळी शंभर लोक मोबाईल बघत असतात, रेंज काय असते ते तुला माहीतच आहे. पट्टी बघायचा फॉर्मपण साधा सबमिट होऊ दे, वरनं स्क्रिप्टनं सजव हवं तर. आम्ही इंटरनेट एक्स्प्लोरर ६ च्या काळात हेच करायचो, बायको रागवायची इतक्या शिव्या त्या ब्राउझरला घातल्यात, पण दर कधी गायब झाले नाहीत.

दुसरं, 'आयफोन असेल तर हे, क्रोम असेल तर ते' असलं ब्राउझरचं नाव बघून कोड करू नको. युजर एजंटमध्ये (ब्राउझर सर्व्हरला सांगतो ती स्वतःची ओळख) जवळजवळ प्रत्येक ब्राउझर स्वतःला मोझिला ५.० म्हणवतो, जुन्या काळी दारातनं हाकलत होते म्हणून सगळ्यांनी तेच नाव लावून घेतलं. ती गोष्ट येते का नाही तेवढं विचार, सीएसएसमध्ये त्याला अ‍ॅट-सपोर्ट्स आहे.

आणि तारीख कशी पाठवतोस? दिवस-महिना-वर्ष अशी ०५-०३-२०२५ पाठवत असशील तर क्रोम तिला ३ मे समजतं, दुसरा ब्राउझर काय समजंल त्याचा भरवसा नाही, कारण नियमात फक्त वर्ष-महिना-दिवस हाच क्रम पक्का आहे. नुसती तारीख दिली की ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतात, आपण साडेपाच तास पुढं असल्यामुळं इथं चालून जातं, पण उद्या अमेरिकेतल्या एखाद्या खरेदीदारानं साईट उघडली तर त्याला आदल्या दिवसाचा दर दिसंल. त्यापेक्षा 'बुधवार, ५ मार्च' असा मजकूरच सर्व्हरवरनं पाठव, कटकटच नको.

विश्रामबाग_वेबवाला

काका मानलं. टेबल सर्व्हरवरून द्यायला लागलोय, रेजेक्स उडवला, टेलविंड ३.४ वर आणलं. मालकांच्या आयफोनवर दर दिसतायत आणि दिवाणजींचं बटणपण हिरवंगार उगवलं, ते अजून भुताटकीच म्हणतायत. तारीख तुम्ही म्हटला तशीच चुकीची होती, फक्त १३ तारखेपासून पुढं गडबड वेगळी व्हायची म्हणून कळत नव्हतं.

आता दोन किरकोळ राहिलंय. आयफोनवर नंबर टाकायला बॉक्सवर टच केलं की आख्खं पान झूम होतं, मग दोन बोटांनी परत बारीक करावं लागतं. आणि एका सॅमसंगवाल्यानं स्क्रीनशॉट पाठवलाय, हेडिंगचा हळदी रंग चिखलासारखा झालाय.

टेस्टिंगवाली

बॉक्सचा फॉन्ट साइज १६ पिक्सेलपेक्षा कमी असेल, तसा असला की आयफोन स्वतःहून झूम करतो. १६ करा, थांबेल. झूमच बंद करून टाकायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, वयस्कर शेतकऱ्यांना झूम लागतो.

सॅमसंगचं म्हणजे त्याच्या स्वतःच्या ब्राउझरचा डार्क मोड, तो पानाचे रंग आपल्या मनाने बदलतो. त्यावर पूर्ण ताबा मिळत नाही, फक्त रंगावरच अर्थ अवलंबून ठेवू नका, म्हणजे दर चढला तर हिरवा आणि उतरला तर लाल एवढंच न करता बाणपण द्या. हेडिंगला लेटर-स्पेसिंग दिलंय का तेही बघा, स्क्रीनशॉट न बघताच सांगते, देवनागरीत शिरोरेषा तुटते त्याने.

मिरज_जंक्शन

अजून एक, पैशाचं. सर्व्हरच्या लॉगमध्ये युजर एजंट येतोच, त्यावरून आठवडाभरात कळंल की यार्डातली माणसं खरंच कुठले फोन वापरतात, बहुतेक अँड्रॉइड क्रोमच निघंल. कोड त्यावर नको बेतू, काका म्हणाले तेच, पण कशावर टेस्ट करायचं ती यादी त्यातनं काढ. आणि पुढच्या कोटेशनमध्ये लिहूनच दे: क्रोम १०९ पासून पुढं, आयओएस १५ पासून पुढं चालेल, त्याच्या मागचं पाहिजे तर वेगळे पैसे. नायतर उद्या कुणाचा तरी पुतण्या आयफोन ५ घेऊन येईल आणि ते पण तू फुकटात करत बसशील.

विश्रामबाग_वेबवाला

लेटर-स्पेसिंग होतं ताई 🙈 काढलं. कोटेशनचं आजच करतो, मालकांच्या शेजारच्या गाळ्यावाल्यानंपण साईट पाहिजे म्हणून बोलावलंय. त्याच्याकडं कुठला फोन आहे ते आधी विचारतो.