गोसार्टच्या राजांना स्पीकर कशाला?

शाईपेन:
काल इथेच कुणीतरी लिहिलं, 'जुन्या चित्राला आवाज लावणं म्हणजे पुरणपोळीवर केचप.' सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत २०२०-२१ मध्ये यान गोसार्ट या चित्रकाराच्या 'राजांचे वंदन' या एकाच चित्राभोवती प्रदर्शन होतं. बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे, असं ते चित्र. एका वेळी एकच माणूस मावेल असा कक्ष, समोर स्क्रीनवर चित्र, भोवती आवाज. हात नुसता हवेत हलवला की तपशील जवळ यायचा; कोविडचे दिवस, कशाला शिवायचं नाही. या चित्रासमोरून मी आधी निदान दहा वेळा गेलो असेन. त्यातल्या म्हाताऱ्या राजाच्या, कास्परच्या, गालावर चामखीळ आहे आणि तिच्यावर केस उगवलेत, हे कळलं त्या कक्षात.

आणि जुनं चित्र शांततेतच बघायचं, हे काय घेऊन बसलात? १५१०-१५ च्या सुमाराचं हे चर्चच्या वेदीवरचं चित्र. बहुधा आजच्या बेल्जियममधल्या गेरार्ड्सबर्गनच्या मठासाठी केलेलं. तिथे धूप, मेणबत्त्या, गाणं. गॅलरीने ते घेतलं १९११ साली. 'श्श्श' करणारा पहारेकरी नंतर आला.

दुपारचा_चहा:
केचपवाला मीच. शब्द मागे घेत नाही. तुम्ही चामखीळ पाहिलीत ती फोटोत. ओकच्या फळीवरचा तैलरंग वेगळा. शिवाय कुठे बघायचं ते आवाजच ठरवणार, मग डोळे कशाला न्यायचे?

आमच्याकडे एका मॉलमध्ये असाच प्रकार झाला. भिंतीवर फुलं नाचतायत, लोक भिंतीकडे पाठ करून रील काढतायत. आईला चक्कर आली. खुर्ची मागितली तर म्हणे, 'अनुभव उभ्यानेच घ्यायचा असतो.'

शाईपेन:
मॉलचा राग गोसार्टवर? मूळ चित्र तिथेच होतं हो, प्रदर्शनातच.

तिरफळ:
गोव्याहून. चित्रात उभ्या असलेल्या बाल्थाझार राजाच्या हातात जे वस्त्र आहे, त्यावर 'साल्वे रेजिना' या मारियामातेच्या स्तोत्राची सुरुवात भरतकामात आहे. म्हणजे चित्रकाराने गाणं रंगवूनच ठेवलंय. आमच्या वाड्यावर क्रुसापुढे लदाईन, म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना, होते, तेव्हा हेच साल्वे म्हणतात, जोडीला व्हायोलिन. ती अक्षरं पाहिली की माझ्या कानात आपोआप वाजतं. स्पीकर नको.

दुपारचा_चहा:
घ्या! हेच म्हणतोय मी.

तिरफळ:
नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता. ज्याच्या कानात ते नाही त्याने काय करायचं?

कोरी_पाटी:
मूळ चित्र मूळ चित्र करताय, पण पुढचा उजवीकडचा कुत्रा ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या 'संत युस्टेस' या छापचित्रातून जसाच्या तसा उचललाय. चोरीच्या कुत्र्याचं कसलं पावित्र्य?

दुपारचा_चहा:
चोरी?? छापचित्रं विकली जायची, चित्रकार ती जवळ ठेवायचे, त्यावरून काढायचे. दुसऱ्या घराण्याची बंदिश गायली तर चोरी म्हणता का?

कोरी_पाटी:
बंदिश गाताना बुवा गुरूचं नाव घेऊन कान पकडतात. गोसार्टने ड्यूररचं नाव कुठे घातलंय? स्वतःचं मात्र दोनदा: बाल्थाझारच्या मुकुटावर आणि त्याच्या सेवकाच्या गळपट्टीवर.

शाईपेन:
धागा आवाजाचा आहे.

कोरी_पाटी:
असू दे. माझं लग्नपत्रिकेचं डिझाइन एका गिऱ्हाइकाने दुसरीकडे छापून घेतलं. मोर तोच, फक्त मान उलटी. वर म्हणे 'प्रेरणा घेतली'. तेव्हापासून प्रेरणा म्हटलं की डोकं सटकतं.

दुपारचा_चहा:
म्हणजे कुत्रा तुमचा होता तर.

कोरी_पाटी:
वैयक्तिक होऊ नका. तुम्ही आईच्या खुर्चीवरून पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्राचा निकाल लावलात, त्याचं काय?

तिरफळ:
सहा जानेवारीला, या तीन राजांच्या सणाला, आमच्या गोव्यात रेईस मागोसला या दोघेही. पोरं राजे होऊन घोड्यावरून येतात, गर्दी, आवाज सगळं असतं. भांडण तिथे करा, कुणाला ऐकू येणार नाही.

शाईपेन:
एवढं मान्य करतो की कक्षातून बाहेर पडल्यावर मूळ चित्रापुढे मी आधी चामखीळच शोधली. बाकीचं नंतर दिसलं. हा दोष आहे.

दुपारचा_चहा:
व्वा, लिहून ठेवतो. उन्हाळ्यात मुलीकडे लंडनला चाललोय. बघेन तुमचं चित्र, कानात बोळे घालून.

शाईपेन:
बोळे घाला, पण चष्मा न्या. बारीक आहे ती.