मदत हवी आहे: फराळाच्या ऑर्डरी, दहावी आणि केमो, आधी काय?

नमस्कार मंडळी. मी इथे बरीच वर्षं वाचते पण लिहिते फक्त पाककृतींच्या धाग्यावर, ते पण "मोहन किती घालायचं" एवढंच. आज वेगळ्या कामाला आलेय. लांबलचक होणारे, आधीच सॉरी.

वय ४४, नाशिक. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना डाव्या बाजूला काखेकडे गाठ हाताला लागली, चांगली सुपारीएवढी. दुखत नव्हती म्हणून चार दिवस तसेच काढले. दुखत नाही म्हणजे काही नाही असंच मला वाटायचं, ते किती चूक होतं ते आता कळतंय. मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी सगळं भराभर झालं. रिपोर्टमध्ये इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, म्हणजे ब्रेस्ट कॅन्सर, ग्रेड ३ (भराभर वाढणारा), गाठ २.६ सेंमी, काखेतली एक गाठ पण पॉझिटिव्ह. ईआर पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा) आहे, आणि हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन) समोर २+ लिहून पुढे इक्विव्होकल म्हटलंय, म्हणजे धड हो पण नाही नि नाही पण नाही. त्याचा निकाल लावायला फिश नावाची जीनची टेस्ट पाठवलीये, आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. (फिश म्हटल्यावर आमच्या माळकरी सासूबाई जाम दचकल्या. त्या दिवशी तेवढंच हसलो.)

आता गोंधळ असा की पहिले सर्जन म्हणाले पूर्ण ब्रेस्ट काढून टाकू, मोकळ्या व्हा, पुढच्या आठवड्यात करू. दुसरीकडे दाखवलं तर त्या मॅडम म्हणाल्या थांबा, बहुतेक आधी केमो द्यावी लागेल, गाठ आकसली तर कदाचित ब्रेस्ट वाचवता येईल. दोघंही शिकलेले, दोघंही खात्रीने बोलतायत. मी मधे फाईल मांडीवर घेऊन बसलेली.

घरचं सांगते. मिस्टर अंबड एमआयडीसीत शिफ्टला. मुलगा दहावीत, मुलगी चौथीत, सासूबाई ७४, शुगर आहे, त्यांचं इन्सुलिन मीच देते. मी घरून डबे देते, रोजचे २२. पण खरी कमाई दिवाळीची. यंदा फराळाच्या ९० किलोच्या ऑर्डरी घेतल्यात, त्यातल्या अर्ध्या लोकांचा ॲडव्हान्स आलाय आणि तो मुलाच्या क्लासला भरूनही झालाय. दिवाळीला अजून साडेपाच आठवडे आहेत.

तर मला खरं विचारायचंय ते हे, की दिवाळी होऊ दिली आणि मग सुरू केलं तर चालेल का? डॉक्टरांना विचारायची लाज वाटली हो. चकलीसाठी कॅन्सर थांबवा असं कसं म्हणणार.

दुसरं, मुलाला सांगायचं का. नणंद म्हणते मार्चपर्यंत अवाक्षर काढू नका, पोराचं वर्ष जाईल. आणि पैसे. कंपनीची मेडिक्लेम ३ लाखांची आहे, रेशनकार्ड पांढरं.

कृपया काढे, पथ्य, बाबा-बुवा सुचवू नका, ते घरबसल्या रोज मिळतायत.

पारिजात:
ताई, आधी एक घट्ट मिठी. सहा वर्षांपूर्वी मी तुमच्या जागी होते. माझं हर-टू पॉझिटिव्ह निघालं होतं म्हणून सांगते, तुमच्या दोन डॉक्टरांचं भांडण वाटतंय तेवढं नाहीये, सगळं त्या फिशवर अडलंय. हर-टू पॉझिटिव्ह आलं तर २ सेंमीच्या वरची गाठ आणि काखेत पसरलेलं असताना सहसा आधी केमो आणि सोबत ट्रास्टुझुमॅब, म्हणजे हर-टूवरचं औषध, देतात. केमोनंतर ऑपरेशनमध्ये आत काय उरलं ते बघून पुढचं औषध ठरवतात. आधीच कापून टाकलं तर ती माहिती हातची जाते. निगेटिव्ह आलं तर आधी ऑपरेशन हाही बरोबर रस्ता असू शकतो. म्हणून रिपोर्ट येईपर्यंत कुठल्याच तारखेला हो म्हणू नका.

आणि "काढून टाकलं की मोकळं" हे सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलेलं. पण नुसती गाठ काढून रेडिएशन घेतलं तरी बायका तेवढ्याच जगतात. अमेरिकेतल्या आणि इटलीतल्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्येच आलेत. मात्र रेडिएशन टाळता येत नाही, आठवड्याचे पाच दिवस रोज जावं लागतं, हल्ली पुष्कळ ठिकाणी तीन आठवड्यांत आटपतात. त्याचा हिशोब घरात आत्ताच मांडा.

आधी केमो ठरली तर गाठीत मार्कर क्लिप (जागेची खूण) घालणार का ते नक्की विचारा. माझी गाठ केमोने दिसेनाशी झाली, क्लिप नसती तर सर्जनने कुठे कापायचं?

दोन पैशाची भाजी:
माझ्या आत्याला गव्हांकुराच्या रसाने फरक पडला होता, करून बघायला काय हरकत आहे.

चहाटळ:
भाजी, ताईंनी शेवटी काय लिहिलंय ते वाचायला काय हरकत आहे.

उशिराची लोकल:
ताई, माझ्या बायकोचं झालंय, त्यामुळे नवऱ्याच्या बाजूने लिहितो. दिवाळीचा प्रश्न अजिबात वेडा नाही, आम्ही पण मेहुणीच्या लग्नाची तारीख धरून हेच विचारलं होतं. रिपोर्टसाठी आठ-दहा दिवस गेले तर बिघडत नाही, ते दिवस लागतातच. पण मुद्दाम पाच-सहा आठवडे नको. ऑपरेशनला चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो असं २०२० च्या एका मोठ्या पाहणीत आलं होतं, आणि तुमची ग्रेड ३ आहे. तरी डॉक्टरांना विचाराच. चकलीचं नाव काढायचं नसेल तर "जास्तीत जास्त किती दिवस थांबता येईल" एवढंच विचारा.

पैशांचं, महात्मा फुले योजना आता पांढऱ्या कार्डालाही आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, ॲडमिट व्हायच्या आधी त्याला गाठा. नंतर धावपळ केली की कागद अडतात, हे मी स्वतः भोगलंय. आणि मिस्टरांना सांगा, पहिल्या दोन केमोला रजा त्यांनी टाकायची, इन्सुलिन द्यायला त्यांनी आजच शिकायचं. मी शिकलो, फार अवघड नाही.

मुंबईचं मत हवं असेल तर टाटा हॉस्पिटलशी जोडलेली "नव्या" (Navya) नावाची ऑनलाइन सेवा आहे, रिपोर्ट अपलोड करायचे. प्रत्यक्ष परळला गेलात तर बायोप्सीच्या स्लाइड्स आणि ब्लॉक लॅबमधून मागून सोबत न्या, नाहीतर त्यासाठी पंचवटी एक्सप्रेसची एक फेरी वाया जाते.

पारिजात:
अजून एक. केमो चालू असताना १००.४ च्या वर ताप गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, थेट हॉस्पिटल. हे फ्रिजवर लिहून चिकटवा. आणि मुलाला सांगा हो. दोन-तीन आठवड्यांत केस गळणार, मग काय सांगणार त्याला, तिरुपतीला जाऊन आले?

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले.

फिश पॉझिटिव्ह आलं. पहिल्या सर्जनना रिपोर्ट दाखवला तर तेच म्हणाले, मग आधी केमो. म्हणजे पारिजातताई म्हणाल्या तसंच, भांडण नव्हतंच. क्लिप मॅडमनी स्वतःहून सांगितली. टूडी एको (हृदयाची तपासणी) झाला, पुढच्या सोमवारी पोर्ट (केमो द्यायला कातडीखाली बसवतात ती छोटी डबी) बसेल, बुधवारी पहिली केमो. ट्रास्टुझुमॅब वर्षभर, दर तीन आठवड्यांनी. किती दिवस थांबता येईल ते शेवटी विचारलंच. त्या म्हणाल्या, किती किलोच्या ऑर्डरी आहेत? मी म्हटलं नव्वद. त्या म्हणाल्या, बुधवारी या.

चकली आणि चिवडा जाऊबाईंनी घेतलाय, अनारसे बंद. ॲडव्हान्स परत करायला फोन केले तर तिघींनीच घेतला, बाकीच्या म्हणाल्या पुढच्या वर्षीत धरा. डबे २२ वरून ८, तेही पहिल्या केमोपर्यंतच.

मुलाला सांगितलं. मी आठवडाभर वाक्यं जुळवत होते. तो हॉलमध्ये झोपतो नि मी साडेचारला स्वयंपाकघरातला लाईट लावते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं काय विचारलं, तर "म्हणजे आता साडेचारला लाईट नाही लागणार?" मला रागही आला नि हसूही. मग रात्री उशिरा येऊन पोर्ट म्हणजे काय, दुखेल का, विचारून गेला. सासूबाईंना अजून फक्त "गाठीचं औषध सुरू होतंय" एवढंच सांगितलंय. त्यांचं कसं करायचं ते कळत नाहीये, त्यावर कुणी बोलाल का.

आणि एक बारीकसं. पोर्ट उजवीकडे कॉलरबोनच्या खाली बसणार आहे. मी रोज साडी नेसते. ब्लाउजचं काय करता तुम्ही, पुढून हुकचेच चालतात की कुर्ते शिवून घेऊ? शिंपी दिवाळीच्या गर्दीत आहे, आजच सांगावं लागेल.