अनुभव धागा : कुत्र्याचे मनासारखे छायाचित्र

आमचा मोती 'बस' म्हणताच बसतो, पण कॅमेरा डोळ्याला लावला की मान फिरवतो, ओठ चाटतो आणि जांभया देतो. हा त्याचा हट्ट आहे, असे मी बरेच दिवस समजत होतो. वास्तविक ती अवघडल्याची खूण होती, कारण एकटक रोखून पाहणे कुत्र्यांना धमकीसारखे वाटते आणि कॅमेऱ्याचे भिंग म्हणजे रोखलेला मोठा डोळाच. मग मी चार दिवस कॅमेरा नुसता जमिनीवर ठेवला, त्याला हुंगू दिला आणि शेजारी उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवले. पाचव्या दिवशी तो आपण होऊन समोर येऊन बसला. आपण काय केलेत, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

ठाणे : आमचा लॅब्रेडोर काळाभोर आहे. काळा रंग चौकटभर पसरला की कॅमेरा दृश्य उजळवू पाहतो आणि केस राखाडी दिसतात, म्हणून मी कॅमेऱ्यातच उजेड थोडा कमी करून घेते. भर उन्हाऐवजी त्याला दाराच्या उंबऱ्याशी, आकाशाकडे तोंड करून बसवल्यास डोळ्यांत चमक उतरते.

जत : आमच्याकडे करवानी जातीचे शिकारी कुत्रे आहे. उभ्याने वरून फोटो काढला, तर त्याचे लांब पाय आखूड दिसतात आणि खपाटीला गेलेले पोट दिसतच नाही, म्हणून मी शेतात गुडघे टेकून कॅमेरा त्याच्या छातीच्या उंचीवर आणतो. हे कुत्रे नजरेने शिकार करणारे असल्यामुळे हाकेपेक्षा दूरवरच्या हालचालीने अधिक सावध होते. धाकटा भाऊ बांधावरून उपरणे हलवतो आणि त्याची मान आपोआप ताणली जाते. धावतानाच्या फोटोला शटरचा वेग सेकंदाचा १/१००० तरी ठेवावा.

पुणे : रस्त्यावरच्या कुत्र्यांना घर मिळावे यासाठी मी फोटो काढते, आणि तेथे एका फोटोवर फार काही अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे. एका तपकिरी मादीचा पहिला फोटो मी पिंजऱ्याच्या गजांतून, फ्लॅश लावून काढला होता. तिचे डोळे हिरवे चकाकले, कान मागे चिकटलेले दिसले आणि तीन महिने तिच्याबद्दल एकानेही विचारले नाही. ती चूक माझीच होती. नंतर सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात तिला आधी भरपूर फिरवले, मैत्रिणीला तिच्याशेजारी जमिनीवर बसवले आणि भिंगाजवळ कागद एकदाच चुरगळला. असा आवाज दोन-तीनदाच उपयोगी पडतो, पुढे कुत्रे त्याकडे लक्ष देत नाही, म्हणून चौकट, उजेड, सगळे ठरल्यावरच तो करावा. कान पुढे आले, धापेमुळे तोंड किंचित उघडले आणि ती प्रसन्न दिसली. मैत्रीण शेजारी असल्याने तिच्या उंचीचाही अंदाज येत होता. दहाव्या दिवशी तिला घर मिळाले.

नाशिक : आमची राणी १४ वर्षांची आहे आणि मोतीबिंदूमुळे तिला जवळपास दिसत नाही. खाऊ दाखवून उपयोग नसतो, म्हणून मी फरशीवर बोटांनी हलकेच टकटक करतो. ती त्या दिशेला तोंड वळवते, नाक उचलून माझा वास घेते आणि शेपटी हलवू लागते. तेवढ्यात मी फोटो काढतो.