उघड नास्तिकता कट्टर होऊ शकते का?

धागाकर्ती:
गेल्या महिन्यात आईचा दहावा झाला. कावळा शिवेना, म्हणून बाबा घाटावर थांबले होते. नास्तिक मावसभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, हा अडाणीपणा किती वेळ चालणार?" बाबांचा त्या कावळ्यावर विश्वास आहे का, मला ठाऊक नाही. पन्नास वर्षांच्या संसारानंतर त्यांना तिथे बसायचं होतं, एवढं दिसत होतं. सत्य फक्त आम्हालाच कळलंय, हा सूर मी आमच्या सोवळं पाळणाऱ्या आत्याकडूनही ऐकलाय. मग कट्टरपणा वेगळा कसा?

प्रतिसाद १:
ताई, तो निर्दयपणे वागला. पण कट्टर हा शब्द जपून वापरा. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या. आमचा विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे, हे ते गावोगाव सांगत होते. त्यांच्या खुनानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यातही कीर्तन, भजन, यात्रा स्पष्टपणे वगळलेली आहेत. समाजसुधारक आगरकरांची तर विरोधकांनी जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. बोचरं बोलणं आणि जीव घेणं एका मापाने मोजू नका.

प्रतिसाद २:
महाराष्ट्रातलं खरं आहे, पण अल्बानिया आठवा. १९६७मध्ये तिथल्या एन्वर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीने देशातल्या मशिदी आणि चर्च बंद केली. श्कोडरच्या कॅथेड्रलचं क्रीडागृह झालं, धर्मगुरू तुरुंगात गेले. तेही विवेकाच्याच नावाने. देव नाकारला की माणूस आपोआप सहिष्णू होतो, असं नाही.

प्रतिसाद १:
मान्य. म्हणूनच मी सत्तेकडे बघतो. जबरदस्ती कोण करू शकतं? इथे नास्तिकाला घरचा सत्यनारायणही टाळता येत नाही.

प्रतिसाद ३:
अगदी. वडाची पूजा करत नाही, एवढं सांगितल्यावर माझ्या सासरी दोन वर्षं अबोला होता. मी हळू बोलले असते, तर कुणाला ऐकूच गेलं नसतं.

प्रतिसाद २:
सत्ता घरातही असते हो. त्या दिवशी घाटावर बाबांपाशी ती नव्हती.

धागाकर्ती:
दाभोलकरांना मारणाऱ्यांच्या रांगेत मी भावाला बसवणार नाही, तो शब्द मागे घेते. पण 'अडाणी' हा शब्द त्यानेही बाबांसमोर येऊन मागे घ्यावा. आज संध्याकाळी त्याला फोन करून हेच सांगणार आहे.